व्ही-क्रॉसला लिफ्ट किट बसवल्यापासून थरथर: सुटताना आणि ८५ च्या आसपास

शिवारवाट (जुन्नर)

नमस्कार मंडळी. गाडी आयसुझू डी-मॅक्स व्ही-क्रॉस, फोर बाय फोर, मॅन्युअल. शेताचा रस्ता ओढ्यातून जातो आणि दर पावसाळ्यात ओढ्यातले धोंडे जागा बदलतात. मागचं हौसिंग (मागच्या दोन चाकांमधलं लोखंडी कवच) घासायचं, म्हणून गाडी उंच करणारं दोन इंचांचं लिफ्ट किट बसवून घेतलं. पुढे स्ट्रटवर स्पेसर, मागे पाटे आणि हौसिंगच्या मध्ये ब्लॉक, लांब यू-बोल्ट. त्याच वेळी नवीन अलॉय आणि २६५/७० आर १७ चे ऑल टेरेन टायरही घातले.

तेव्हापासून गाडी पहिल्या गिअरमध्ये सुटली की सीटखालून धडधड येते, २५ च्या पुढे गेली की थांबते. आणि नाशिक रस्त्याला ८५ धरला की सगळी गाडी थरथरते. आतल्या आरशात मागचं वाहन दोन-दोन दिसतं. १०५ च्या वर पुन्हा बरंच शांत.

ज्यांनी किट बसवलं ते म्हणतात, लिफ्ट केल्यावर एवढं चालायचंच. अलाइनमेंट झालं आहे. चाकांचं बॅलन्सिंगही झालं, मशीनवर शून्य दाखवतं. एक जण म्हणतो शाफ्टला मध्ये धरणारं सेंटर बेअरिंग टाका, दुसरा म्हणतो शाफ्टच (इंजिनचा जोर मागच्या चाकांकडे नेणारी फिरती नळी) नवा घ्या. पैसे घालायला ना नाही, पण अंदाजाने सुटे भाग बदलत बसायचं नाही. कुठून सुरुवात करू?

पाटा_वाढीव (शिरूर)

भाऊ, माझी बोलेरो पिकअप आहे, मालाची. एक विचारतो, गाडी भरून चालवून पाहिलीत का? लिफ्टमुळे मागचा भाग वर गेला आहे. चार-पाचशे किलो टाकले की तो पुन्हा खाली येतो, म्हणजे शाफ्ट जवळजवळ जुन्या कोनात बसतो. माल नसेल तर वाळूच्या गोण्या टाका. खर्च काही नाही आणि निम्मं उत्तर मिळतं.

उद्यमनगर (कोल्हापूर)

शिरूरकरांनी बरोबर जागी बोट ठेवलं आहे. मी शाफ्ट आणि हौसिंगचीच कामं करतो, त्यामुळे थोडं सविस्तर लिहितो.

तुमच्या लिहिण्यावरून मला दोन वेगळे दोष दिसतात आणि तुम्ही (गॅरेजवालेही) त्यांना एकच समजता आहात. सुटतानाची धडधड जोर लागल्यावर येते. ८५ ची थरथर वेगावर येते. दोन्हींचं कारण एकच असेल असं धरून चाललात तर एक बरं होईल, दुसरं राहील आणि तुम्ही म्हणाल की काम फसलं.

गाडी भरून बघाच, पण त्याबरोबर आणखी एक करा. मोकळ्या, सरळ रस्त्यावर ८५ ला थरथर सुरू झाली की क्लच दाबून न्यूट्रल करा आणि गाडी तशीच पळू द्या. इंजिन बंद करायचं नाही, स्टिअरिंगची आणि ब्रेकची मदत जाते. न्यूट्रलमध्येही तशीच थरथर राहिली तर इंजिन-क्लच संशयातून सुटले आणि जोडांच्या कोनावरचा संशयही कमी झाला, कारण कोनाचा त्रास बहुतेक वेळा जोर लागला की वाढतो आणि पाय काढला की बदलतो. मग उरतात चाकं, किंवा शाफ्टचं बॅलन्सिंग.

आणि थरथर हातात येते की बुडाखाली येते? स्टिअरिंग हलत असेल तर पुढून, सीट हलत असेल तर मागून. हा नियम शंभर टक्के नाही, पण सुरुवातीला पुरतो.

एवढं कळेपर्यंत सेंटर बेअरिंग विकत घेऊ नका. त्याचं रबर फाटलं आहे का, बेअरिंग हाताने फिरवल्यावर खरखरतं का, ते गाडीखाली जाऊन पाहता येतं. रबर शाबूत असेल तर त्याला हात लावायची गरज नाही.

शिवारवाट (जुन्नर)

दोघांचे आभार. आज नारायणगावला टोमॅटो घेऊन जायचंच होतं. २० किलोच्या २५ क्रेट, म्हणजे ५०० किलो. भरलेली गाडी सुटताना धडधड पूर्ण गेली! क्लच मुद्दाम जरा जोरात सोडून पाहिला, तरी नाही. माल उतरवून बाजाराच्या फाटकातून बाहेर पडताना लगेच पुन्हा आली.

८५ ची मात्र भरलेल्यातही तशीच, रिकाम्यातही तशीच. न्यूट्रल केलं तरी फरक नाही. स्टिअरिंगला आहे, पण सीटला जास्त.

सेंटर बेअरिंगचं रबर चांगलं आहे, चीर नाही.

गतिशास्त्र (कराड)

मी पॉलिटेक्निकला यंत्रांचं गतिशास्त्र शिकवते. हूकचा जॉइंट हा तर आमच्या फळ्यावरचा विषय, त्यामुळे राहवलं नाही.

आपल्याकडे ज्याला क्रॉस म्हणतात तो जोड कोनात फिरला की पलीकडचा शाफ्ट एकसारख्या वेगाने फिरत नाही. दर फेऱ्यात तो दोनदा पुढे सरतो आणि दोनदा मागे रेंगाळतो. ५ अंशांच्या कोनात हा चढउतार सुमारे पाऊण टक्का असतो, १० अंशांत तीन टक्के. म्हणजे कोन दुप्पट, तर त्रास चौपट. दोन इंचांचं लिफ्ट ऐकायला किरकोळ वाटतं, पण जोडाला ते किरकोळ नसतं ते यामुळे.

यावरचा उपाय त्याच शाफ्टच्या दुसऱ्या टोकाला असतो. तिथल्या जोडाचा कोन तेवढाच असेल आणि दोन्ही टोकांचे काटे (क्रॉसला धरणारे दुपाखी तुकडे) एका ओळीत असतील, तर पहिल्याने केलेला चढउतार दुसरा पुसून टाकतो. कोन असणं हा दोष नाही. दोन टोकांचे कोन असमान असणं हा दोष आहे. व्ही-क्रॉसचा मागचा शाफ्ट दोन तुकड्यांचा आहे, मध्ये सेंटर बेअरिंग. त्यामुळे जोड तीन: ट्रान्सफर केसजवळचा (गिअरबॉक्समागचा, पुढच्या-मागच्या चाकांना जोर वाटणारा डबा), सेंटर बेअरिंगमागचा आणि पिनियनचा (हौसिंगमध्ये शाफ्टचा जोर घेणारा दातेरी गिअर). तिन्ही मोजायला हवेत.

मोजणं अवघड नाही. लोहचुंबकाचा डिजिटल अँगल गेज घ्या, नसेल तर फोनमधला लेव्हलही चालेल. गाडी चारही चाकांवर, हौदा रिकामा. जॅकवर उचलून मोजलं तर हौसिंग खाली लोंबतं आणि सगळे आकडे खोटे येतात. ट्रान्सफर केसचा फ्लँज (शाफ्ट बोल्टने जोडायची चकती), पुढचा शाफ्ट, मागचा शाफ्ट आणि पिनियनचा फ्लँज, असे चार उतार लिहून घ्या. जमीन अगदी सपाट नसली तरी बिघडत नाही, आपल्याला त्यांच्यातला फरकच हवा आहे.

आता ८५ च्या थरथरीचं. तुमच्या टायरचा परिघ साधारण २.५२ मीटर. ८५ च्या वेगाला चाक सेकंदाला सुमारे साडेनऊ फेरे करतं. क्राउन-पिनियनचं प्रमाण ढोबळ चार धरलं तर शाफ्ट सदतीस-अडतीस फेरे. चाकाचा दोष असेल तर कंप साडेनऊ हर्ट्झला येईल, शाफ्टच्या बॅलन्सिंगचा असेल तर सदतीसच्या आसपास, आणि जोडांच्या कोनाचा असेल तर त्याच्या दुप्पट, पंचाहत्तरच्या जवळ. फोनमध्ये कंप मोजणारी ॲप फुकट मिळतात. फोन दोन्ही बाजूंनी चिकटणाऱ्या टेपने गिअरजवळच्या कन्सोलला घट्ट लावा आणि शेजारी बसलेल्या माणसाला वाचायला सांगा, चालवताना तुम्ही बघू नका. फोनचा सेन्सर सेकंदाला १०० वेळाच मोजत असेल तर ५० हर्ट्झच्या वरचं त्यात नीट दिसणार नाही, एवढं लक्षात असू द्या.

मराठी_मिशिगन (डेट्रॉइटजवळ)

चांगली चर्चा चालली आहे. इकडे टोयोटा टॅकोमावाल्यांमध्ये लिफ्टनंतरच्या कंपाची चर्चा कायम असते, त्यातलं एक सांगतो, कारण ते सहसा कोणाच्या लक्षात येत नाही. २००५ नंतरच्या टॅकोमात पुढच्या डिफरेन्शिअलच्या डाव्या बाजूला हाफ शाफ्ट (डिफरेन्शिअलपासून चाकापर्यंतचा छोटा शाफ्ट) एका नीडल बेअरिंगवर टेकतो. लिफ्ट केल्यावर हाफ शाफ्टचा कोन वाढतो आणि मधल्या वेगात पायाखालून गुरगुर सुरू होते. ओळखायची खूण अशी, की ओल्या किंवा कच्च्या रस्त्यावर फोर-एच (चारही चाकांना जोर) टाकलं की ती जाते. लोक त्या बेअरिंगच्या जागी बुश बसवतात आणि प्रश्न मिटतो.

व्ही-क्रॉसचं डिफरेन्शिअल वेगळं, त्यामुळे हेच असेल असं मी म्हणत नाही. पण पुढची बाजू तपासताना टू-एचमध्ये (फक्त मागच्या चाकांना जोर) नेमकं काय फिरतं ते आधी बघून घ्या. पुढची दोन्ही चाकं उचलून, घोडीवर (लोखंडी स्टँडवर) ठेवून, दोन्ही चाकं एकाच वेळी, एकाच दिशेने हाताने फिरवा. पुढचा प्रोपेलर शाफ्ट स्थिर राहिला तर तो संशयितांच्या यादीतून गेला. हाफ शाफ्ट मात्र चाकाबरोबर कायम फिरतात, त्यांचे रबरी बूट बघाच. कोन वाढला की घड्या एकमेकींवर घासतात आणि काही महिन्यांत ग्रीस बाहेर येतं.

शिवारवाट (जुन्नर)

मॅडम, आकडे आणले. उतार सगळे मागच्या बाजूला खाली जाणारे:

ट्रान्सफर केस ४ अंश. पुढचा शाफ्ट ४.५. मागचा शाफ्ट ९.५. पिनियन ८.

फोनवर ८५ ला कंप ९ ते १० च्या मध्ये येतो. भाचा वाचत होता, तीनही वेळा तेच.

मिशिगनकर, टू-एचमध्ये पुढचा शाफ्ट फिरत नाही. बूट चांगले आहेत.

गतिशास्त्र (कराड)

उत्तर तुमच्या आकड्यांतच आहे. वजाबाकी करा. पहिला जोड अर्धा अंश. मधला जोड ९.५ वजा ४.५, म्हणजे ५ अंश. पिनियनचा जोड ९.५ वजा ८, म्हणजे दीड अंश. मागच्या शाफ्टच्या एका टोकाला ५ आणि दुसऱ्या टोकाला १.५! हा फरक एका अंशाच्या आत हवा. शिवाय जोर लागला की पाटे थोडे पिळतात आणि पिनियनचं नाक आणखी वर उचलतं, म्हणजे सुटताना हा फरक वाढतो. भरल्यावर मागचा शाफ्ट आडवा होतो, मधल्या जोडाचा कोन निम्म्यावर येतो आणि धडधड जाते. तुमच्या टोमॅटोंनी जे दाखवलं ते हेच.

पिनियन ८ अंशांवर कसं गेलं ते मला कळत नाही. सरळ ब्लॉक घातला तर पिनियनचा उतार फारसा बदलत नाही, हौसिंग फक्त खाली जातं. ब्लॉकची जाडी पुढे आणि मागे वेगवेगळी मोजाल का?

शिवारवाट (जुन्नर)

व्हर्नियरने मोजलं. दोन्ही ब्लॉक पुढे ५०, मागे ५३ मिमी. मला वाटत होतं सपाट आहेत.

उद्यमनगर (कोल्हापूर)

झालं, सापडलं. उतरता ब्लॉक आहे आणि जाड बाजू मागे. पाटे वर आणि हौसिंग खाली, अशा रचनेत जाड बाजू मागे घातली की पिनियनचं नाक वर होतं.

हे बरेच ठिकाणी होतं, कारण डोळ्याला ते बरोबर दिसतं. पिनियन शाफ्टकडे रोखलेला, रेषा सरळ. शाफ्टच्या वरच्या टोकाला जोडीचा क्रॉस, म्हणजे डबल कार्डन असेल तर तेच बरोबर आहे. काही जीपांना तसा शाफ्ट असतो. पण दोन्ही टोकांना एकेरी क्रॉस असेल तर पिनियन पुढच्या शाफ्टला समांतर लागतो.

आता उपाय. सपाट ब्लॉक घालायचे. मॅडम, तीन मिमीचा उतार ब्लॉकच्या लांबीवर अडीच अंश होतो, म्हणजे पिनियन साडेपाचवर येईल, बरोबर ना? आणि सेंटर बेअरिंगचं ब्रॅकेट स्पेसर घालून खाली घ्यायचं. पण किती, ते मोजून.

काम करताना लक्ष द्यायच्या गोष्टी. शाफ्ट खोलायच्या आधी प्रत्येक फ्लँजवर आणि सरकत्या जोडाच्या (शाफ्टला लांब-आखूड होऊ देणारा दातेरी जोड) दोन्ही भागांवर पंचने ठिपका मारून घ्या. खडूची खूण ग्रीसने पुसते. सरकता जोड सुटला आणि वेगळ्या दातात बसला, की काटे एका ओळीत राहत नाहीत आणि चांगला शाफ्टही कायमचा थरथरतो. माझ्याकडे येणाऱ्या गाड्यांत हे मी पुन्हा पुन्हा बघतो. गिऱ्हाइकाला नवा शाफ्ट घ्यायला सांगितलेलं असतं आणि काम निघतं जोड सोडवून खुणेला खूण लावून बसवण्याचं.

पाट्यांचा सेंटर बोल्ट ब्लॉकच्या भोकात आणि ब्लॉकची पिन हौसिंगच्या भोकात पूर्ण बसली पाहिजे. अर्धवट बसली तर हौसिंग तिरकं राहतं आणि गाडी खेकड्यासारखी चालते. यू-बोल्ट नवेच घाला, एकदा ताणलेले पुन्हा वापरू नका. चारही नट थोडे थोडे, आलटून पालटून आवळा, आणि शेवटचा जोर गाडी चाकांवर उभी असताना टॉर्क पान्याने, कंपनीच्या आकड्यावर. काही शे किलोमीटर झाले की पुन्हा तपासा. एकावर एक दोन ब्लॉक कधीच रचू नका.

वर असताना ब्रेकची रबरी नळी आणि एबीएसची वायर ताणली आहे का पाहा. मागच्या हौसिंगला जोडलेला लोड सेन्सिंग व्हॉल्व (मालाच्या वजनाप्रमाणे मागच्या ब्रेकचा दाब ठरवणारा) असेल तर त्याची दांडी लिफ्टच्या मापाने बदलून घ्यावी लागते. नाहीतर गाडी भरलेली असली तरी त्याला ती रिकामीच वाटते आणि मागच्या ब्रेकला दाब कमी मिळतो. थरथरीपेक्षा हे जास्त महत्त्वाचं आहे.

गतिशास्त्र (कराड)

अडीच अंश बरोबर. फक्त सपाट ब्लॉक घातले तर पिनियनचा कोन ४ आणि मधला ५. एवढ्यानेही पुष्कळ फरक पडेल. सेंटर बेअरिंग १२ मिमी खाली घेतलं तर पुढचा शाफ्ट साडेपाचच्या थोडा वर जाईल, मागचा नऊच्या थोडा खाली. मग मधला जोड ३.३ आणि पिनियन ३.४ च्या आसपास. पहिल्या जोडालाही दीड अंश मिळतो, ते चांगलंच. जोडाला थोडा तरी कोन लागतो, नाहीतर आतल्या सुया (सुईसारखे बारीक रोलर) जागच्या जागी राहून खड्डे पाडतात.

कोणी आहे ते ब्लॉक उलटे फिरवून घाला म्हणेल. तसं केलं तर पिनियन ३ वर येईल आणि त्याचा कोन साडेसहा होईल. दुसऱ्या टोकाला गेलात.

महामार्ग_४८ (सातारा)

विषयाला धरून, पण वेगळं. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ नुसार नोंदणीच्या वेळी कंपनीने दिलेल्या तपशिलापेक्षा वेगळे बदल करता येत नाहीत, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही तेच सांगितलं आहे. लिफ्ट करण्याआधी आरटीओत आणि विमा कंपनीकडे विचारून घ्यावं, असं मी प्रत्येकाला सांगतो. अपघात झाला तर हाच मुद्दा पुढे येतो. आणि लिफ्ट केलेली असेल तर हेडलाइट खाली करून घ्या. पुढून येणाऱ्या दुचाकीवाल्याच्या डोळ्यांत थेट प्रकाश जातो.

शिवारवाट (जुन्नर)

सातारकर, मान्य. विमा कंपनीला लेखी कळवलं आहे, आरटीओत सोमवारी जातो. हेडलाइट आजच खाली केले.

८५ च्या थरथरीबद्दल काय करू? फोन चाकाकडे बोट दाखवतो आणि बॅलन्सिंगवाला मशीनवरचा शून्य दाखवतो.

उद्यमनगर (कोल्हापूर)

दोघंही खरं बोलत असतील. मशीनवर चाक मधल्या भोकात शंकू घालून धरतात, म्हणजे तिथे ते बरोबर मध्यावर असतं. बाजारातल्या अलॉयचं मधलं भोक बऱ्याचदा मोठं असतं, सगळ्या गाड्यांना बसावं म्हणून. गाडीच्या हबवर मग फट राहते आणि चाक नुसत्या नटांच्या भरवशावर लटकतं. अर्धा मिमी जरी खाली बसलं तरी ८५ ला कळतं. चाक काढून हबचा व्यास आणि अलॉयच्या भोकाचा व्यास मोजा. फरक असेल तर त्या मापाची रिंग बसवा, ॲल्युमिनियमची लेथवर करून मिळते.

दुसरं, चाक उचलून हळूहळू फिरवा. घोडीला एक जाड तार बांधून तिचं टोक टायरच्या नक्षीजवळ आणा आणि फट किती कमी-जास्त होते ते बघा. टायर रिमवर नीट बसला नसेल तर वजनं कितीही चिकटवा, तो उसळतच राहणार. टायरच्या कडेवर रिमलगत एक बारीक गोल रेघ असते. ती सगळीकडे रिमपासून सारख्या अंतरावर दिसली पाहिजे.

शिवारवाट (जुन्नर)

उशिरा लिहितो आहे, द्राक्षांची छाटणी चालू होती.

चारही अलॉयचं भोक हबपेक्षा मोठं निघालं, करंगळीचं नख आत जाईल एवढी फट. रिंगा करून घेतल्या. चाक हवेत असतानाच नट ताऱ्याच्या आकारात, समोरासमोरचे आलटून पालटून, हलके आवळले, मग खाली टेकवून पूर्ण. उजव्या मागच्या टायरची ती गोल रेघ एका बाजूला रिमच्या आत गेलेली होती, तारेशी फट तीन मिमीने बदलत होती. टायरवाल्याने हवा काढली, कडेला साबणाचं पाणी लावून पुन्हा भरली, तेव्हा ठक् आवाज करून बसला. पुन्हा बॅलन्सिंग केलं. ८५, ९५, ११०, कुठेच काही नाही. आरसा स्थिर.

त्यानंतर ब्लॉकचं काम केलं. मुद्दाम एका वेळी एकच, नाहीतर कशाने काय गेलं ते कळलं नसतं. सपाट ब्लॉक घातल्यावर धडधड बरीच कमी झाली, पण चढावर सुटताना थोडी राहिली. सेंटर बेअरिंग १२ मिमी खाली घेतल्यावर तीही गेली. मोजल्यावर मधला जोड ३.२, पिनियन ३.५. ओतूरहून माळशेजच्या बाजूला रिकामी नेऊन आणली, पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये थांबून सुटून पाहिली. स्वच्छ. जुनंच सेंटर बेअरिंग, जुनाच शाफ्ट.

मॅडम, दादा, शिरूरचे भाऊ, मिशिगनकर, मनापासून आभार. नव्या शाफ्टचे पैसे ठिबकच्या नळ्यांना कामी आले.

डोंगरपायथा (इगतपुरी)

वाचून फार उपयोग झाला. माझी टोयोटा हायलक्स आहे, दोन इंच लिफ्ट, सुटताना हीच धडधड. तर १२ मिमीचेच स्पेसर करून घेऊ का? आणि बोल्ट जुनेच चालतील?

उद्यमनगर (कोल्हापूर)

१२ हा जुन्नरच्या गाडीचा आकडा आहे. तुमच्या शाफ्टची लांबी वेगळी, ब्लॉक की जास्तीचा पाटा तेही तुम्ही लिहिलेलं नाही. आधी चारही उतार मोजून इथे टाका, आणि रिकामी-भरलेली चालवून फरक सांगा. बोल्ट जुने चालणार नाहीत. स्पेसरच्या जाडीएवढे लांब, ८.८ ग्रेडचे घ्या, जुन्याच आट्याचे. स्पेसर भरीव लोखंडाचा करा, वॉशरची चवड रचू नका. ब्रॅकेट खाली घेतल्यावर शाफ्ट सायलेन्सरला किंवा हँडब्रेकच्या केबलला लागत नाही ना, ते हाताने फिरवून बघा, मगच गाडी चालू करा.